नाना, गुरुवार झाला

नाना, गुरुवार झाला! तुमच्याशिवायचा पहिला गुरुवार झाला, आणि असा झाला की दुपारपासून मला एका जागी बसवत नाहीये. तिघाचौघांना फोन लावून सगळं सांगितलं, तरी पोट भरेना. मग लक्षात आलं, ज्याला सांगायचं होतं तो माणूसच आता फोन उचलणार नाही. म्हणून वही घेऊन बसले आहे. ओळीनं सांगते, मधे बोलायचं नाही. सहा वर्षांत तुम्ही माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाहीत. आज पहिल्यांदाच ऐकून घ्यावं लागणार आहे तुम्हाला, आणि खरं सांगू, मला ते मुळीच आवडलेलं नाही.

आठवतोय का आपला पहिला गुरुवार? तुमचा महाळुंग्याचा गाळा, पुढे कंपन्या, मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. एकेका खोलीत चार-चार, सहा-सहा माणसं, कुणी बीडचं, कुणी बिहारचं. सरकारी दवाखान्याची वेळ आणि यांची शिफ्ट यांची कधी गाठ पडत नव्हती. म्हणून सुट्टीचा वार धरून तुमच्या गाळ्यात दवाखाना भरवायचा, असं आमच्या संस्थेनं ठरवलं. बीपी, साखर, बायकांचं रक्त तपासणं, गरोदर बाईची नोंद, महिन्याच्या गोळ्या. डॉक्टर आणि सिस्टर आरोग्य केंद्रातून येणार, औषधांचं पुढची एक कंपनी बघणार. मी दापोडीहून स्कूटर हाणत आले, मोठ्या उत्साहात. आदल्या दिवशी रंगीत पोस्टर करून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. कंपनीला, लेबर ठेकेदाराला, बचत गटाच्या सुमनताईंना, खोल्यांच्या मालकांना. सगळ्यांचे अंगठे आले होते.

आणि माणूस एक नाही! डॉक्टर पेपर वाचतायत, सिस्टर विणकाम काढून बसलेल्या. ठेकेदारानं सगळ्यांना ओव्हरटाइमला नेलेलं. सुमनताई समोरच्या किराणा दुकानातून बघत उभ्या, पण रस्ता ओलांडायला तयार नाहीत. तुम्ही गाळ्याच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होतात. मी रडकुंडीला आले होते आणि तुम्ही खुशाल हसत होतात.

"पोरी, पत्रिका न देता लगीन काढलंस व्हय?"

"नाना, सगळ्यांना मेसेज केला होता."

"मेसेज म्हंजी निमंत्रण न्हाई. ती खबर झाली. खबर ऐकून मानूस म्हनतं, बरं. निमंत्रण आल्यावर मानूस पायात चपला घालतं."

मी तुमच्यावर चिडले होते तेव्हा. म्हातारा गाळा फुकट देतो म्हणून काहीही ऐकवतो, असं घरी जाऊन बाबांना म्हटलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढरी टोपी घालून स्कूटरच्या मागे बसलात आणि आपण दारोदार फिरलो. काय फिरवलंत मला! सुमनताईंच्या दारात अर्धा तास. ठेकेदाराकडे दोन कप चहा. कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, अपॉइंटमेंट पाहिजे. तुम्ही म्हणालात, आमच्याकडं टाइम हाय, आमी बसतो. आणि त्याच्याच स्टुलावर बसून मला म्हणालात, काढ तुझं मशीन, याचं बीपी बघ. वॉचमनचं बीपी चढलेलं निघालं. त्यानं स्वतःच साहेबांना फोन लावला, साहेब, खाली या, फार चांगली माणसं आलीत. मी हसू दाबायला तोंड फिरवलं होतं.

साहेब खाली आले. मी फाइल उघडून आकडे सांगायला लागले, तर तुम्ही फाइलवर हात ठेवलात. "साहेब, औषधं तुमी देताय, ती द्या. पर गुरुवारी रांगेतल्या मानसांना पाणी द्यायचा मान तुमचा. तुमच्या कंपनीतलं एक मानूस पायजे. स्वतः."

साहेबांना वाटलं थट्टा आहे. मला वाटलं आता दोघांनाही बाहेर काढतील. पण पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, कंपनीचा शर्ट घालून साहेब स्वतः आले आणि पाण्याचा जग घेऊन रांगेत फिरले. एका बाईनं त्यांना म्हटलं, भाऊ, अजून थोडं दे. त्या दिवसापासून ते आपले झाले. औषधांचा करार दर वर्षी नवा करावा लागायचा आणि दर वर्षी माझा जीव टांगणीला लागायचा. पण पाणी वाटलेला माणूस सही करायला का-कू करत नाही, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

असे तुम्ही सगळ्यांना मान वाटलेत. गावच्या यात्रेत कसं असतं, पालखीला पहिला खांदा एका घराचा, दिवटी दुसऱ्याची, नारळ तिसऱ्याचा, आणि ज्याचा मान त्यानं तापात असला तरी यायचंच. तसंच. नोंदवही सुमनताईंच्या गटाकडे. गुरुवारी बारापर्यंत कुणालाही कामावर न बोलावणं, हा ठेकेदाराचा मान. झाडणं-पुसणं खोल्यांच्या मालकांकडे, पाळीपाळीनं. आणि पहिली खुर्ची तुमची. पुरुष माणसं दंड पुढे करायला लाजायची, मला काय झालंय म्हणायची. म्हणून पायरीवर, सगळ्यांसमोर, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत पहिले तुम्ही बसायचात. बाही वर, पट्टा बांधलेला, आणि आकडा आला की रेल्वे स्टेशनवर सांगतात तसा मोठ्यानं सांगायचात. मग मागे रांग लागायची.

चाललं होतं छान. आणि मग आपलं भांडण झालं.

तुम्ही एकदा दुसऱ्या गावच्या पाहुण्यांना अभिमानानं सांगत होतात, आमच्या यात्रेचीच रीत हाय ही, बापजाद्यांची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "नाना, तुमच्या त्या यात्रेत सुमनताईंच्या सासऱ्यांना कुठला मान होता?"

तुम्ही तंबाखू मळायचे थांबलात.

"माझ्या आजोबांना त्यांच्या गावात कुठला होता, सांगू? मयताचा सांगावा घेऊन पळायचा. ऊन असो, पाऊस असो, कुणी गेलं की या गावाहून त्या गावाला पळायचं आणि दाराबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. त्याला तुम्ही मान म्हणाल? मला हा शब्दच नको दवाखान्यात. ड्युटी म्हणा, काम म्हणा."

तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. तुमचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला. त्या दिवशी तसेच उठून घरी गेलात आणि मी रस्ताभर मनातल्या मनात भांडत आले. वाटलं, संपलं. गाळा गेला, दवाखाना गेला, माझ्या जिभेपायी.

पुढच्या गुरुवारी तुम्ही गोळ्यांचा रिकामा डबा घेऊन बसला होतात. त्यात चिठ्ठ्या. "शब्द मी सोडनार न्हाई," म्हणालात, "माझ्याकडं दुसरा न्हाई. पर मान फिरता ठेवू. दर वर्षी चिठ्ठी. ज्याला जे येईल त्यानं ते करायचं. कुनाच्या बापजाद्याचं काय न्हाई हितं."

आणि पहिल्याच वर्षी कंपनीला झाडू आला! साहेबांचा चेहरा! झाडायला आले ते फोटोग्राफर घेऊन. तुम्ही त्याला पायरीवरूनच परत पाठवलंत, मानाचा फोटो काढत न्हाईत म्हणून. नोंदवही ठेकेदाराकडे गेली, त्याचं अक्षर डॉक्टरांनाही लागेना. पाणी सुमनताईंकडे आलं. आणि त्या वर्षी खोल्यांच्या मालकांच्या घरातले म्हातारे, ज्यांनी उभ्या जन्मात सुमनताईंच्या वस्तीतलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, ते रांगेत उभे राहून त्यांच्याच हातून ग्लास घेऊन प्यायले. तुम्ही मात्र दोन ग्लास प्यायलात, तहान नसताना, आणि माझ्याकडे बघितलंत. मी बघितलं नाही असं दाखवलं. का दाखवलं, नाना? तेव्हाच हसले असते तर काय बिघडलं असतं?

त्या संध्याकाळी मी बाबांना हे सांगितलं. ते आयुष्यभर कंपनीत मशीनवर उभे राहिले, सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाहीत. म्हणाले, त्या माणसाला एकदा बघायचंय मला. आणू, आणू म्हणत राहून गेलं. बाबा आले ते तुमच्या दहाव्याला. गर्दीत मागे उभे राहिले, तुमच्या फोटोकडे खूप वेळ बघत. जाताना म्हणाले, उशीर केलास तू. त्यांचं बरोबर होतं.

तर चिठ्ठीनं सगळे मान फिरायचे, एक सोडून. पहिल्या खुर्चीची चिठ्ठी तुम्ही कधी टाकू दिली नाहीत. मी चिडवायचे, सगळ्यांचं फिरतं आणि पाटलांचं तेवढं कायमचं का? तुम्ही म्हणायचात, "मी मेल्यावर टाक चिठ्ठी." आणि मला उगीच वाटायचं की हा म्हातारा शेवटी म्हाताराच. खरं कारण मला सुमनताईंनी सांगितलं, फार नंतर. तुम्ही त्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचात, तुमचा दत्ता गाडीवरून जाताना थांबतो का ते. शेकडो परक्या माणसांचे दंड तुम्ही त्या पट्ट्यात घातलेत, आणि पोटच्या पोराचा कधी घालता आला नाही. चाळिशी उलटलेली, अंगानं सुटलेला, तोंड सदा लाल. तुमच्या वडिलांना आणि धाकट्या भावाला एकाच आजारानं, या बीपीनंच नेलं होतं. तुम्ही दत्ताला सांगून सांगून थकलात. तो म्हणायचा, "आबा, तुमचा दवाखाना तुमच्यापाशी. मला त्यात वढू नका." तुम्ही हे सगळं मला सांगायचं टाळलंत. मी विचारायला हवं होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी दत्तानं मला फोन केला. मी गाडी काढली. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना सवयीनं मोबाइल हातात घेतला, ग्रुपवर लिहायला लागले, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की", आणि थांबले. मेसेज म्हणजे निमंत्रण नाही, तर मेसेज म्हणजे हा सांगावा तरी कसा असेल?

मग मी फिरले, नाना. त्याच रस्त्यानं, त्याच दारांना, मागची सीट रिकामी. सुमनताईंच्या घरात जाऊन सांगितलं, त्यांनी मला पोटाशी धरलं. ठेकेदाराला सांगितलं, तो मटकन खाली बसला. कंपनीच्या गेटवर वॉचमनला सांगितलं, त्यानं साहेबांना बोलावलं आणि स्वतः टोपी काढून उभा राहिला. माझे आजोबा ज्या कामासाठी दाराबाहेर उभे राहिले, तेच काम मी केलं, पण घरात बसून, डोळे पुसायला सुमनताईंचा पदर घेऊन. मला कुणी पाठवलं नव्हतं. माझं माणूस गेलं होतं म्हणून मी गेले. तुमच्या त्या शब्दावरचं माझं भांडण मी सोडलेलं नाही. पण त्या दिवशी दारोदार फिरताना तो शब्द माझ्या तोंडाशी आला होता, एवढं कबूल करते.

आता मुद्द्याचं. दहाव्याच्या दिवशीच दत्ता मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. गाळा मोकळा करून द्या. टेम्पोच्या पार्टवाला भाड्यानं घ्यायला मागं लागलाय. आबा होते तवर ठीक होतं." मी मान हलवली. त्याचा गाळा, त्याचा हक्क. मी कुणालाही सांगितलं नाही. वाटलं, सांगितलं तर गावात भांडण होईल, तुमच्या मुलाला चार माणसं बोलतील. सगळ्यांच्या दारात जायला शिकवलंत तुम्ही, आणि नेमकी हीच गोष्ट मी दाराआड ठेवली. आज अकरा वाजताचा एक टेम्पोवाला सांगून ठेवला, औषधांचं कपाट उचलायला.

सुतकातला गुरुवार बंदच गेला होता; आज सकाळी नऊला पोहोचले तर बंद शटरसमोर ही गर्दी! कुणी त्यांना नाही म्हटलंच नव्हतं ना. साहेब पाण्याचे दोन जार गाडीतून उतरवतायत. ठेकेदार झाडू काखेत मारून उभा. सुमनताई नोंदवही छातीशी धरून. सिस्टर आणि डॉक्टर. मागे रांग, उन्हात, रस्त्यापर्यंत. मला तिथेच तोंड लपवावंसं वाटलं. तेवढ्यात दत्ता आला, डोकं भादरलेलं, हातात किल्ली. तो मला कपाट द्यायला आला होता. रांग बघून गोंधळला. एक पोटुशी बाई पायरीवर टेकली होती, तिला उठायला लागू नये म्हणून त्यानं बाजूनं वाकून शटर वर केलं. म्हणाला, "आजच्या दिवस घ्या करून."

आजचा दिवस! पण लाल खुर्ची मांडली आणि सगळे थांबले. पहिलं कोण बसणार? साहेब म्हणाले, चिठ्ठी टाकायची ना, नाना म्हणाले होते. तोच डबा काढला. सगळ्यांची नावं टाकली. सिस्टरनी डोळे मिटून चिठ्ठी काढली.

सुमनताई!

नाना, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या, हात दुखेपर्यंत. तुमची खुर्ची त्या वस्तीतल्या बाईकडे गेली, ते तुम्हाला दोन ग्लास पाण्याइतकं गोड लागलं असतं. सुमनताई खुर्चीपाशी गेल्या, पण बसल्या नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता हा मान माझा ना? मग एक दिवस मी दुसऱ्याला देऊ शकते?"

सगळे म्हणाले, देऊ शकता.

"दत्ताभाऊ, या. बसा."

दत्ता मागे सरला. "न्हाई न्हाई ताई, मला कुठं..."

"माझ्या हातचा मान न्हाई घेणार?"

गावात वाढलेला माणूस तो. दिलेला मान भरल्या लोकांत परत करायचा म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. आणि देणारी कोण होती, तेही. त्यानं एकदा आत भिंतीवरच्या तुमच्या टोपीच्या खिळ्याकडे बघितलं, आणि येऊन बसला. बाही वर केली. सिस्टरनी पट्टा बांधला. मशीन फुसफुसलं, थांबलं. सिस्टरनी पुन्हा एकदा घेतलं. मग डॉक्टर उठून आले.

"आकडा सांगा की मोठ्यानं," मागून कुणीतरी ओरडलं. "नाना सांगायचे!"

दत्तानंच वाकून बघितलं आणि सांगितला. "एकशेऐंशी... एकशेदहा." त्याचा आवाज बारीक झाला होता. "डॉक्टर, हे लई हाय का?"

लई होतं, नाना. डॉक्टरांनी त्याला आत नेऊन तपासलं. कपाट उघडलं, गोळ्या दिल्या, उद्या आरोग्य केंद्रात यायला सांगितलं, आणि नंतर दर गुरुवारी इथे, न चुकता. सुमनताईंनी नोंदवहीत नवं पान काढलं. वडिलांच्या नावाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी तुमचं नाव लिहिलं, पुढे कैलासवासी लिहिलं नाही, आणि मीही आठवण केली नाही. मला तेव्हा रडू आलं. आनंदाचं म्हणू की कशाचं, माहीत नाही. सहा वर्षं तुम्ही या एका पानाची वाट बघत पायरीवर बसला होतात आणि आज ते भरलं तेव्हा खुर्चीत तुम्ही नव्हतात.

बाहेर दत्तानं धरून धरून बाकीच्या खोलीमालकांनाही रांगेत ओढलं. आजच्याइतके पुरुष कधी आले नव्हते. तुमचा दत्ता, लोकांना बोलवायला तुमच्याहून मोठा आवाज आहे त्याचा, माहीत होतं तुम्हाला?

अकराला टेम्पो आला. मी विसरूनच गेले होते. ड्रायव्हरनं दारातून विचारलं, "मॅडम, न्यायचं कपाट हेच का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मी तोंड उघडायच्या आत दत्ता पुढे आला, बाही अजून दंडावरच गुंडाळलेली, हातात गोळ्यांची पुडी.

"जा बाबा तू," म्हणाला. "कपाट कुठं न्हेतोस? माझं औषध हाय त्यात."